गॅलरी किती वाकेल

६ ऑगस्ट १९७८, वाडी

या डायरीत आजवर एकच ओळ आहे. चौदा जानेवारीला लिहिलेली : ‘उद्यापासून रोज लिहायचे.’ डायरी एका सिमेंट कंपनीची. इटारसीला असताना इंदूरच्या एका ड्रायव्हरने दिली होती. तेव्हापासून ती उशाखाली आहे अन् उशी थोडी उंच झाली, एवढाच तिचा उपयोग झाला. मला लिहायचा कंटाळा नाही. लिहायला बसलो की बाहेरून काहीतरी जातं अन् मी ते पाहायला उठतो, असं आहे.

पहिल्या पानावर नाव-पत्त्याच्या ओळी छापल्या आहेत, त्या आज भरल्या. नाव ताराचंद. गाव उमरेड, घरी हातमाग. घराचा नंबर आठवेना, ती जागा सोडली. शिक्षण पॉलिटेक्निक, दीड वर्ष. मग भिलाई, मग एका सर्कसचा तंबू, मग इटारसी. मुक्काम सध्या वाडी, गोपिकाबाईंच्या घरावरची खोली. धंद्याच्या ओळीत काय लिहावं ते ठरेना. नत्थूजींच्या शेडमध्ये ट्रकच्या बॉड्या बांधतात. तिथे मी मापं घेतो, नकाशे काढतो, वेल्डिंगच्या कांड्या आणतो अन् बोलणी खातो. एवढं त्या ओळीत मावत नाही.

आज लिहायला बसलो त्याचं कारण म्हणजे नत्थूजींनी मला पहिल्यांदा काही विचारलं. एरवी ते सांगतात.

शहरात, गांधीबागेत, बाबनरावांचं लुगड्यांचं ठोक दुकान आहे, वर घर. रस्त्यावर निघालेली लाकडी गॅलरी सडली म्हणून मागच्या वर्षी उतरवली. आता लोखंडी पाहिजे. खाली खांब चालत नाही, दुकानाच्या तोंडाशी हातगाड्या लागतात. तेव्हा भिंतीतून चॅनल, म्हणजे लोखंडी तुळया, बाहेर काढायचे अन् त्यांच्यावर फळ्या टाकायच्या. नत्थूजींनी आजवर ट्रक सोडून काही बांधलेलं नाही. पण बाबनरावांचा माल ज्या ट्रकांतून येतो त्यांच्या बॉड्या यांच्या हातच्या, त्या ओळखीवर काम आलं.

शेडमध्ये चार इंची चॅनल पडून असतात, बॉडीखाली आडवे टाकतो ते. नत्थूजींनी त्यातल्या एकाला पायानं ढोसलं.

“हे चार फूट बाहीर काढलं अन् वरतं बाया बसल्या, त किती वाकन गा?”

“काढून सांगतो.”

“तुले येते?”

“येत होतं.”

“येत होतं म्हन्ते,” ते चॅनललाच म्हणाले. “मलेबी पोहता येत होतं.”

९ ऑगस्ट

भिंतीत एका टोकानं गच्च धरलेली अन् दुसऱ्या टोकाला काहीच नसलेली तुळई. पॉलिटेक्निकचे सर तिला कॅन्टिलिव्हर म्हणायचे. तिच्यावर वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असेल, तर मोकळं टोक किती खाली येईल, याचं सूत्र. घराचा नंबर आठवला नाही, हे मात्र आठवलं.

फुटामागे जेवढं वजन ते घ्यायचं. त्याला लांबीनं गुणायचं, परत लांबीनं, परत, परत. चारदा. मग आठानं भागायचं, लोखंडाच्या ताठपणाच्या आकड्यानं भागायचं अन् चॅनलच्या आकाराचा जो आकडा असतो त्यानं भागायचं. हे शेवटचे दोन आकडे जुन्या पुस्तकांच्या दुकानात उभ्यानं पाहून आलो. दुकानदार म्हणाला, घ्यायचं नसेल तर खाली ठेवा. तोवर तळहातावर लिहून झालं होतं.

बायांचं वजन काय धरावं यात दुपार गेली. शेवटी गोपिकाबाईंना विचारलं, तुमचं वजन किती. त्या म्हणाल्या, “काहून रे, विकाची हाय का मले?” मग मध्यम धरलं. दाटीनं मांडी घालून बसल्या तर दोन चौरस फुटात एक. गॅलरी सोळा फूट लांब, चार फूट रुंद, म्हणजे बत्तीस बाया. आलेलं उत्तर एका सुताच्याही आत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, शेडमध्ये सगळं त्यातच बोलतात.

नत्थूजी म्हणाले, “बत्तीस बाया अन् सूतभर? बाया कागदाच्या घेतल्या का?”

पण खूश दिसले. नकाशा खिशात घातला. एरवी माझ्या नकाशांवर ते भजी खातात अन् फेकून देतात.

१२ ऑगस्ट

वेल्डिंगच्या कांड्या आणायला सायकलवर निघालो. नाक्यावर चंद्रपूरकडून आलेला बांबूचा ट्रक उभा. बांबू मागच्या फळीच्या बाहेर दहा-बारा फूट आलेले, टोकाला लाल चिंधी. ट्रक हलला अन् सगळी टोकं एकदम नाचायला लागली. मी मागे निघालो.

पाहण्यासारखं असं, की टोकाला कोणी काही टांगलेलं नव्हतं. बांबू आपल्याच वजनानं वाकत होते, मुळापासून टोकापर्यंत थोडं थोडं. अन् जो दुसऱ्यापेक्षा जरासाच जास्त बाहेर आलेला, तो मात्र खूप खाली. जरासाच लांब अन् दुप्पट खाली. चारदा गुणायचं म्हणजे काय ते मला दीड वर्षात पॉलिटेक्निकमध्ये कळलं नाही, या ट्रकमागे कळलं.

गोंडखैरीला ढाब्यावर ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरून म्हणाला, “क्यों बे, पीछे पीछे काहे को आ रहा है? बाराती है क्या?” मी म्हटलं बांबू पाहून राहिलो. त्यानं क्लीनरकडे पाहिलं, क्लीनरनं माझ्याकडे, मग दोघांनी मला चहा पाजला.

परत येईस्तोवर संध्याकाळ. नत्थूजी शेडच्या दारात. “कांड्या?” म्हणाले. मला तेव्हा आठवलं.

१७ ऑगस्ट

नत्थूजींबरोबर गांधीबागेत माप घ्यायला गेलो. चॅनल अजून कापायचे आहेत.

वर, समोरच्या खोलीत, बाबनरावांच्या आई बसतात. प्रयागबाई. गुडघे गेलेले, जिना उतरून कित्येक वर्षं झाली. गॅलरी होती तेव्हा त्यांचा सगळा दिवस गॅलरीत जायचा. ती उतरवली तेव्हापासून गॅलरीच्या दाराला बाहेरून फळ्या ठोकलेल्या आहेत अन् त्या फळ्यांच्या आत खुर्ची टाकून त्या बसतात. आम्ही गेलो तेव्हा डोळे मिटून होत्या. मला वाटलं झोपल्या.

“बर्फवाला गेला,” त्या म्हणाल्या. “आज त्याचं चाक वाजून राहिलं. तेल नाही टाकलं भडव्यानं.”

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते, गावची इडापिडा घेऊन जाणाऱ्या पिवळ्या अन् काळ्या पुतळ्यांची, ती यांच्या घरावरून. आधी हे लोक विणकरांच्या गल्लीत राहायचे. दुकान झालं, इकडे आले, पण मारबतीला त्या गल्लीतल्या सगळ्या बाया यांच्या गॅलरीत येतात. नवी लुगडी नेसून, सासरी गेलेल्या पोरीसुद्धा. हे प्रयागबाईंनी सुरू केलं. मागच्या वर्षी गॅलरी नव्हती. बाया खालून गर्दीतून ओरडून त्यांना विचारत होत्या, माय, आयकू येते का? “आयकू येत होतं,” प्रयागबाई म्हणाल्या. “मारबत का आयकाची गोष्ट हाय?”

त्यांची सून सत्यवतीवहिनी चहा घेऊन आल्या. त्यांनी दुसरी एक खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली, चार फुटावर खडूनं रेघ मारली अन् खुर्चीसमोरून चालून दाखवलं. चालता आलं नाही.

“पाच करा,” बाबनराव म्हणाले. “एका फुटानं का होते?”

नत्थूजींनी माझ्याकडे पाहिलं. “होईन का गा?”

मी दाराच्या फळीवरच खडूनं केलं. पाचाला चारानं भागलं, ते चारदा गुणलं. वाकणं जवळजवळ अडीचपट. रुंदी वाढली म्हणजे बायाही जास्त मावणार, बत्तिसाच्या चाळीस, ते त्यात आलंच. उत्तर दोन सूत.

“होईल,” मी म्हणालो.

बाबनराव हसले. “एका फुटासाठी येवढं? अन् मी त नुसतं तोंडानं बोललो.”

“पाहा बापा,” प्रयागबाई म्हणाल्या, “ट्रकवाल्यायले गॅलरी देल्ली. मांगून ‘हॉर्न प्लीज’ लिहू नोका म्हणा.”

परत येताना नत्थूजींनी सायकल माझ्या बाजूला घेतली.  वाडीपर्यंत बाजूबाजूनं आलो. असं आधी कधी झालं नव्हतं. ते पुढे असतात.

२५ ऑगस्ट

गॅलरी बसली. पाच चॅनल बाहेर पाच फूट, आत खोलीच्या फरशीखाली तितकेच, बोल्ट मारून. वर ट्रकसारख्या फळ्या. कठडा नत्थूजींनी हिरवा रंगवला, वाळून कडक झाला. त्यावर पिवळी फुलं काढायची त्यांना फार इच्छा होती. वहिनींनी हात जोडले.

दाराच्या फळ्या काढल्या तेव्हा प्रयागबाईंनी आधी चष्मा मागितला. वजन ठेवून पाहिल्याशिवाय कोणी बाहेर जायचं नाही असं मी म्हटलं होतं, म्हणून उंबऱ्याच्या आत खुर्ची ओढून बसल्या अन् तिथून रस्त्याचा जेवढा तुकडा दिसतो तेवढा पाहत राहिल्या.

भिलाईला मी पंचवीस लाख टनांच्या कारखान्यात होतो. तिथे माझ्या हातचं काय होतं ते मला सांगता येणार नाही.

२७ ऑगस्ट, रविवार

आज दुकान बंद, म्हणून आज केलं. चाळीस बायांच्या वजनाचे लुगड्यांचे गठ्ठे हमालांनी वर नेऊन फळ्यांवर सारखे मांडले, भिंतीपासून कठड्यापर्यंत, मध्ये फट नाही. गॅलरीच्या बाहेरच्या कडेला मी आधीच ओळंबा टांगला होता. त्याच्या टोकाखाली रस्त्यावर एक सपाट दगड. गठ्ठे वाढत गेले तसं टोक दगडाकडे येत गेलं. सगळे झाले तेव्हा पट्टी लावली.

दोन सूत. सव्वादोन म्हणा, पण दोनच.

मी तिथे रस्त्यात हसलो. कागदावर आधी असलेला आकडा लोखंडानं मागून येऊन गाठला. कोणाला सांगावं ते कळेना. नत्थूजींनी पट्टी दोनदा पाहिली, मग पानवाल्याकडे गेले अन् एक पान माझ्यासाठी आणलं. मी पान खात नाही. खाल्लं.

वहिनी खाली पाहून म्हणाल्या, “भाऊ, आता त बसाले हरकत नाही ना?”

“चाळीस जणी बसा,” मी म्हटलं.

“बसून कोन राहते गा मारबत आल्यावर?” त्या हसल्या. “पिवळी दिसली का सगळ्या कठड्यावर. मांगच्या पुढच्यायच्या खांद्यावर. मागं एकदा माझं मंगळसूत्र तुटलं त्या गर्दीत.” अन् मंगळसूत्राची ती सगळी गोष्ट सांगितली, कोणाच्या चोळीत मणी सापडले वगैरे. फार हसलो आम्ही.

गठ्ठे उतरवताना एक गंमत झाली. हमालांनी जिन्यानं न्यायचा कंटाळा केला अन् कठड्यावरून खाली हातगाडीवर सोडायला लागले. अर्धे गेले होते, उरलेले फेकायला सोपे म्हणून त्यांनी कठड्याला लावून रचले. मी सहज ओळंबा पाहिला, तर टोक सकाळपेक्षाही खाली. वजन अर्धं अन् वाकणं जास्त. म्हणजे कोणाच्या पायानं दगड हलला असणार. एवढी गर्दी होती, त्यात काय.

२८ ऑगस्ट

दगड हलला नव्हता.

सकाळी तोंड धुताना कळलं अन् तसाच बसून राहिलो. गोपिकाबाईंनी विचारलं, दात दुखते का.

मी सूत्रात आठानं भागलं होतं. ते वजन पसरलेलं असेल तर. तेच वजन टोकाला गेलं तर आठाच्या जागी तीन येतात. वजन तेवढंच, बाया त्याच, लुगडी तीच, फक्त भिंतीजवळून उठून कठड्यावर आल्या, की वाकणं अडीचपटीच्या वर. दोन सुतांचं सव्वापाच. अन् वाकण्याचं सोडा. भिंतीपाशी चॅनलवर ताण दुप्पट होतो. तो आकडा काढला. चॅनल परत सरळ होणार नाही, याच्या अगदी काठावर आहे. त्यात चाळिसाच्या पंचेचाळीस झाल्या, किंवा मारबत येताच टाचा उंच करून उड्या मारल्या, तर काठावर राहणार नाही. चार फूट असती तर निभावली असती. पाच मी म्हटलं.

वहिनी काल तोंडावर सांगून गेल्या, मी मंगळसूत्राला हसत होतो.

बाया मी बसलेल्या धरल्या. का धरल्या? मी स्वतः आजवर कोणती मिरवणूक बसून पाहिली?

३० ऑगस्ट

दोन दिवस नत्थूजींना सांगायचं म्हणून शेडमध्ये त्यांच्या मागे मागे फिरलो. आज सांगितलं. गठ्ठ्यांचं सांगितलं, तीन अन् आठाचं सांगितलं. उपायही सांगितला, की वरच्या भिंतीतून दोन सळया तिरप्या खाली आणायच्या अन् बाहेरच्या कडेला ताणून बांधायच्या. म्हणजे टोक मोकळं राहत नाही.

ऐकता ऐकता त्यांनी हातातली कानस खाली ठेवली.

“तीनानं भागाचं का आठानं, हे पयले नाही सांगता येत?”

“चुकलं माझं.”

“चुकलं. मी त्या मानसाच्या घरात उभा राहून तुले इचारलं, होईन का? तू म्हनला होईन. तुह्या भरोशावर मीबी मुंडी हालवली. आता तिथं सळया टांगू? लोकं म्हनतीन नत्थूजीनं गॅलरी नाही, पाळना बांधला.”

“मग मी बाबनरावांना सांगतो.”

“सांग. सांगून पाय. तो त्याच घडीले दाराले फळ्या ठोकन. म्हातारी गेली पुन्हा आत. अन् एकडाव ठोकलेल्या फळ्या तो काहाडत नाही, मी ओळखतो त्याले.”

 ते कानस उचलून पुसत बसले. कानस पुसायची वस्तू नाही.

“कठड्यापासून हातभर मांगंच राहिल्या बाया, त?” त्यांनी मध्येच विचारलं.

“तर काही होत नाही. दोन सुतांच्या आत.”

“अन् त्यायले हातभर मांगं ठेवन कोन? तू?”

“मी सांगून पाहतो.”

“जाय. घरी जाय. तुह्यं गनित घे अन् जाय.”

हे आजच्यापुरतं जाय होतं की कायमचं, ते मला कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

२ सप्टेंबर, पोळा

शेड बंद. परवा अन् काल गेलो नाही. आज गांधीबागेत गेलो. ठरवून गेलो होतो, की जिना चढलो की पहिलं वाक्य तेच बोलायचं.

बाबनराव गावी गेलेले, बैलांच्या पूजेला. उद्या दुपारी येणार. मला बरं वाटलं, हे लिहून ठेवतो. ज्याला सांगायचं तोच नाही, म्हणजे माझ्याकडून झालं, असं काहीतरी मनाला वाटलं.

प्रयागबाई गॅलरीत होत्या. खुर्ची भिंतीला लावलेली, केसाला तेल, चष्मा पुसलेला. मला पुरणपोळी वाढायला लावली अन् बसवून घेतलं. उद्या कोण कुठे बसणार ते काठीनं दाखवत होत्या. इथं नंदनवनातली, इथं सुभद्रा, ती जाड हाय, तिले कोपरा. ही जागा भागीरथेची, ती औंदा वारली, तिची सून येईन. रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस वर पाहत होता अन् त्या प्रत्येकाला नावानं काहीतरी बोलत होत्या. बर्फवाला आला. त्याला म्हणाल्या, “चाकाले तेल टाकलं वाटते.” तो थांबून वर पाहत राहिला. म्हणाला, “माय, तुमाले कसं कळलं?”

मी पहिलं वाक्य बोललो नाही. दुसरंही नाही.

निघताना जिन्यात वहिनींना म्हटलं, “वहिनी, उद्या कोणी कठड्याला टेकू नका. मागेच बसा सगळ्या.”

“मंग मारबत काय चाळणीतून पाहू?” त्या म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे पाहून, “काहून भाऊ? रंग उतरते का?”

“नाही. रंग चांगला वाळला आहे,” मी म्हटलं अन् उतरलो.

नत्थूजींच्या घरावरून आलो. ते ओट्यावर बसले होते. वहिनी काय म्हणाल्या, मी काय म्हणालो, सगळं सांगितलं. मी इतका निकामी आहे हे त्यांनाही कळावं म्हणून सांगितलं असेल. ते फक्त “हूं” म्हणाले. मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

३ सप्टेंबर, संध्याकाळ

लिहितो, मग सामान बांधतो. इटारसीची गाडी रात्री आहे.

सकाळी लवकर गेलो. ओळंबा, पट्टी अन् दगड घेऊन. आभाळ मोकळं होतं. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. वर पाहिलं तर गॅलरीत नत्थूजी. गुडघ्यावर बसून, हिरव्या रंगाचा डबा शेजारी, कठडा रंगवत होते. वाळून कडक झालेला कठडा, परत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आतून, बाहेरून, वरून. रंग इतका जाड लावत होते की खाली थेंब पडत होते. माझ्या सदऱ्यावर पडले दोन.

अन् तेवढ्यात बाया आल्या. नवीकोरी लुगडी. नत्थूजींवर तुटून पडल्या.

“आजच रंगवाचं होतं का गा तुले?”

“सणावाराचं चमकवून देतो म्हटलं, माय.”

“अन् आता आमी उभ्या कुठं राहू? हे लुगडं काल घडी मोडलं.”

“तेच म्हन्तो. मांगं सरका. मांगं सरका, लागन.”

सरकल्या. पदर सावरून, निऱ्या गोळा करून, भिंतीला चिकटून बसल्या. प्रयागबाई खुर्चीवर मध्ये. त्यांना हसू येत होतं, कशाचं ते कळलं नाही.

मी गॅलरीच्या बरोबर खाली उभा राहिलो, ओळंब्याजवळ. समोरच्या ओट्यावरूनही दिसलं असतं. पण इथंच उभा राहिलो.

पिवळी मारबत आली तेव्हा गल्ली हलल्यासारखी झाली. घेऊन जा गे मारबत, घेऊन जा, असा ओरडा. दोन मजल्यांएवढी ती, तोंडावर ऊन, माझ्या अंगावरून सावली गेली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा समोरून एवढं मोठं काहीतरी गेलं अन् मी पट्टीकडे पाहत होतो. वर बाया उठल्या. फळ्यांचा आवाज झाला. एक-दोघी पुढे आल्या असाव्यात, कारण नत्थूजींचा आवाज ऐकू आला, “हां हां, ओला हाय, ओला हाय,” अन् परत पाय मागे गेले. मग काळी आली, मग बडग्यांचे पुतळे. नत्थूजी शेवटपर्यंत ब्रश घेऊन तिथेच, गर्दीकडे पाठ करून. कठड्याचा एखादा भाग सुकल्यासारखा दिसला की त्यावर परत हात मारायचे. दरवर्षी मारबतीला शेड बंद ठेवणारा माणूस. यंदा त्यानं तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही, एवढी त्या कठड्याच्या चमकेची हौस.

ओळंबा दोन सुतांच्या आतच राहिला. पूर्ण वेळ.

बाया खाली उतरल्या तेव्हा कोणाच्या पदराला हिरवं लागलेलं, कोणाच्या कोपराला. शिव्या देत होत्या अन् हसत होत्या. वरून प्रयागबाई प्रत्येकीला नावानं निरोप देत होत्या, पार गल्लीच्या वळणापर्यंत.

सगळे जिवंत घरी गेले. हे आधी लिहायला पाहिजे होतं.

पण मला चैन नाही. माझं गणित खरं होतं की खोटं, ते आज कळणार होतं अन् कळलंच नाही. नेमका आजच रंग ओला, त्यामुळे बाया कठड्यावर आल्याच नाहीत. वजन पसरलेलंच राहिलं. आता नत्थूजी म्हणतील, पाहा, काही झालं का?  उद्या दिवाळी येईल, रंग वाळेल, कोणाची वरात जाईल, सगळ्या परत कठड्यावर. सळया टाकायलाच पाहिजेत. पण मी आता कोणत्या तोंडानं म्हणू. ज्यानं एकदा ‘होईल’ म्हटलं अन् मग ‘नाही होत’ म्हटलं, त्याचं तिसऱ्यांदा कोण ऐकेल. तिथून निघालो तेव्हा नत्थूजींनी वरून माझ्याकडे पाहिलं. मी गर्दीत शिरलो.

तरी जाण्याआधी सळयांचा हिशोब करून या पानाच्या मागे ठेवतो, कोणाला लागला तर. बाहेरच्या कडेला वर ओढायला किती जोर लागतो तो धरला, अन्

गोपिकाबाई खालून हाका मारून राहिल्या. आधी वाटलं भाड्यासाठी. नाही.

“तारा, खालतं ये गा. तुहा शेठ आला. कोपरापासून हात हिरवेगार करून आला, घासलेट मागून राहिला हात धुवाले. बस म्हटलं त बसत नाही. म्हन्ते, सळई किती जाड लागते ते पोरानं काढलं का इचारा.”

नत्थूजी या घरी कधी आलेले नाहीत. त्यांना घर माहीत आहे, हेही मला माहीत नव्हतं.